हौसेला मोल असतं

हौसेला मोल नसतं, असं आपल्याकडे म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. हौसेला मोल असतं आणि माझ्या बाबतीत ते मैलाला १ पौंड १३ पेन्स इतकं आहे. हा आकडा अंदाजपंचे नाही. गेली दहा वर्षं एका लांबट वहीत मी प्रत्येक पावती डकवत आलो आहे. पेट्रोल, ऑइल, नटबोल्ट, सगळं त्यात आहे. वह्या ठेवायची सवय वडिलांकडून आली. ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात फिटर होते आणि घरातल्या केरोसीनचासुद्धा हिशेब लिहून ठेवत.

माझ्याकडे १९७२ सालची एमजीबी आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, गडद हिरवी. आपल्या मंडळाच्या गणपतीला एखाद्या वर्षी ऊन पडलं तर मी तीच घेऊन जातो. हॉलच्या बाहेर ती उभी राहिली की मंडळी गोळा होतात, आत डोकावतात आणि ठरलेले तीन प्रश्न विचारतात. पहिला, केवढ्याला घेतली? दुसरा, ॲव्हरेज किती देते? आणि तिसरा, हळू आवाजात, बायको जवळ नाही असं पाहून: खरं सांगा, परवडतं का हो? पहिल्या दोघांची उत्तरं मी तिथेच देतो. तिसऱ्याचं उत्तर हॉलच्या दारात उभं राहून देता येत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आधी गाडीची ओळख करून देतो, कारण पुण्यातल्या माझ्या भाच्याला एमजी म्हटलं की हेक्टर आठवते. नाव तेच, पण मधे बरंच पाणी वाहून गेलं आहे. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डचं. आज त्या नावाची मालकी चिनी कंपनीकडे आहे आणि भारतात २०१९ पासून त्या नावाच्या गाड्या गुजरातेत हालोलला तयार होतात. माझी एमजीबी मात्र ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावची. १९६२ ते १९८० या काळात तिथे पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या, त्यातल्या बहुतेक परदेशी आणि विशेष करून अमेरिकेला गेल्या. अमेरिकेतल्या वाचकांनी कुठल्या ना कुठल्या गॅरेजात ताडपत्रीखाली एखादी नक्की पाहिली असेल. १९८० च्या ऑक्टोबरात तो कारखाना बंद झाला. मी राहतो त्या डिडकॉटहून ॲबिंग्डन सात-आठ मैलांवर आहे. तिथल्या जुन्या काउंटी हॉलमधल्या संग्रहालयात आता एक एमजीबी ठेवली आहे.

मोठ्या दिमाखाची ही गाडी कधीच नव्हती. शिक्षक, नर्स, बँकेतले कारकून यांनी नवी घेतलेली ही स्पोर्ट्स कार. इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, दोन एसयू कार्ब्युरेटरचं. आपल्या लोकांना मी सांगतो की हे इंजिन तुमच्या ओळखीचं आहे. बीएमसी कंपनीच्या ज्या बी-सिरीजमधलं ते आहे, त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं धाकटं भावंड आपल्या ॲम्बॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं बसत होतं. कलेक्टरसाहेबांच्या पांढऱ्या ॲम्बॅसिडरचं आणि या हिरव्या बाईसाहेबांचं आडनाव एकच. हे ऐकलं की मंडळींचा चेहरा जरा पडतो, पण गाडीशी सलगी वाढते.

आता वही उघडतो.

२०१५ मध्ये गाडी ७,२०० पौंडांना घेतली. तेव्हापासून ती १२,६०० मैल चालली, म्हणजे वर्षाला सरासरी १,२६० मैल. ॲव्हरेज विचाराल तर गॅलनला २७ मैल, आपल्या भाषेत लिटरला साडेनऊ किलोमीटर. पेट्रोलवर ३,१०० पौंड गेले. विमा आश्चर्य वाटेल इतका स्वस्त आहे, दहा वर्षांचे मिळून १,७००. जुन्या गाड्या कमी चालतात आणि मालक त्यांना जपून चालवतात हे विमावाल्यांना ठाऊक असतं. नेहमीची देखभाल म्हणजे ऑइल, फिल्टर, प्लग, सी. बी. पॉइंट, ग्रीस, त्याचे २,२००. क्लबची वर्गणी आणि रस्त्यात अडकलो तर ओढून नेण्याची सोय, ६००. हत्यारं ७००, कारण या गाडीला मिलिमीटरचे पाने चालत नाहीत, इंचाचे लागतात. अर्धा, सात सोळांश, नऊ सोळांश.

मग मोठी कामं. दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या, ज्यांना इथे सिल म्हणतात, त्या दोन्ही बाजूंच्या कापून नव्या बसवल्या: ३,४००. क्लच: १,२५०. क्लचप्लेट स्वतः फार महाग नाही, पण एमजीबीत ती बदलायला अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. नवा टप ४८०. पाच टायर ३७५. कार्ब्युरेटर उघडून नव्याने बसवणं ३१०. रेडिएटर आणि होज पाइप २९०. ब्रेकचं काम ६२०, त्याविषयी पुढे सांगतो. हे सगळं मिळून ६,७२५. शिवाय दरवर्षी तपासणी करून घेतो त्याचे ५००.

खरेदीची रक्कम सोडून एकूण झाले १५,५२५ पौंड. आज गाडी विकली तर चांगलं गिऱ्हाईक मिळाल्यास ८,५०० येतील. ते वरचे १,३०० वजा केले तर दहा वर्षांचा निव्वळ खर्च १४,२२५ पौंड. वर्षाला १,४२० च्या आसपास आणि मैलाला १ पौंड १३ पेन्स. तुलनेसाठी सांगतो: स्वतःची गाडी कामासाठी वापरली तर इथलं कर खातं २०११ पासून कितीतरी वर्षं पहिल्या १०,००० मैलांना मैलामागे ४५ पेन्सचा हिशेब धरत आलं. म्हणजे सरकारच्या लेखी शहाण्या माणसाच्या गाडीला जो खर्च येतो, त्याच्या अडीचपट.

इथे कुणीतरी म्हणतंच की अहो, पण ही गुंतवणूक आहे. जुन्या गाड्यांचे भाव चढतात, आणि प्रवासी मोटारींवरच्या नफ्याला ब्रिटनमध्ये भांडवली नफ्याचा करही नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण माझ्या गाडीला लागू होत नाहीत. भाव चढतात ते थोड्या संख्येने निघालेल्या गाड्यांचे. पाच लाख तयार झालेली गाडी दुर्मीळ कशी होणार? आणि २०१५ मधले ७,२०० पौंड नुसत्या महागाईच्या वेगाने वाढले असते तरी आज ८,५०० च्या पुढे गेले असते. नफाच नाही तर कर माफ असून काय उपयोग? तेव्हा गुंतवणूक म्हणून अशी गाडी घेण्याचा विचार असेल तर तो सोडा. पैसे दामदुप्पट करायचे मार्ग वेगळे असतात आणि त्यांना ऑइल गळत नाही.

पण पाच लाख या आकड्याची दुसरी बाजूही आहे. गाडी स्वस्त राहिली ती त्याच आकड्यामुळे आणि तिचे सुटे भाग आजही नवे मिळतात तेही त्याच आकड्यामुळे. रात्री ऑर्डर केलेलं वॉटर पंपचं गॅस्केट परवा दारात येतं. १९८८ पासून तर मूळच्या साच्यांवर एमजीबीची संपूर्ण नवी बॉडीसुद्धा तयार होऊ लागली. एखाद्या मोजक्या निघालेल्या इटालियन गाडीचा मालक हेडलाइटच्या काचेसाठी वर्षभर थांबतो, तेव्हा मला माझ्या गाडीचं सामान्यपण आवडायला लागतं.

सरकारही इथे जुन्या गाड्यांशी बऱ्यापैकी वागतं. चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला रस्ता कर नाही. मे २०१८ पासून अशा गाडीत फार मोठे बदल केलेले नसतील तर वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. लंडनच्या प्रदूषण क्षेत्रात जायचे पैसेही तिला पडत नाहीत. मी तपासणी तरीही करून घेतो. कायद्याने सूट दिली म्हणून ब्रेक लागतातच असं नाही, आणि गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकावर राहतेच. अमेरिकेत नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे, आणि तिथल्या कोरड्या हवेत पत्राही टिकतो. त्यामुळे एके काळी इथून गेलेल्या कितीतरी एमजीबी तिथून पुन्हा इकडे परतल्या. आपल्यातल्या काहींना जे जमलं नाही ते त्यांना जमलं!

पेट्रोलचा मात्र एक त्रास नवा आहे. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबरी नळ्यांना आणि सीलना खातं. म्हणून मी महागातलं, ५ टक्क्यांचं पेट्रोल घेतो आणि नळ्या नव्या प्रकारच्या रबराच्या बसवल्या आहेत. आणि हो, कुणी पर्यावरणाचं विचारलं तर मी वाद घालत नाही. रोजची गाडी आमची विजेवर चालते. ही वर्षाला साडेबाराशे मैल धूर सोडते, त्याचं समर्थन करण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

आणखी एक खर्च पावत्यांत दिसत नाही. या गाडीत एअरबॅग नाहीत, चाकं लॉक होऊ नयेत म्हणून काही यंत्रणा नाही, डोक्यावर कापडाचा टप आहे. एखाद्या मोठ्या आधुनिक गाडीच्या बाजूला उभी राहिली की तिची चाकं आमच्या कानाशी येतात. माझी बायको तिच्यात बसून मोटरवेवर यायला साफ नकार देते आणि तिचं बरोबर आहे. आम्ही आतल्या रस्त्यांनीच जातो, वाँटेजकडे, अफिंग्टनच्या टेकडीखालून. रहदारी कमी असते तेव्हाच.

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. वर्षाला १,४२० पौंड म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपण कुठल्याही रकमेचं मनातल्या मनात एकाच चलनात रूपांतर करतो, आणि ते चलन रुपया नव्हे, विमानाचं तिकीट असतं. नाताळचे दिवस सोडले तर १,४२० पौंड म्हणजे दोघांचं मुंबईला जाणं-येणं. सांगलीला, विश्रामबागेत, माझी आई आज ८४ वर्षांची आहे. तेव्हा गाडी परवडते का, या प्रश्नाच्या मागे खरा प्रश्न हा असतो: तेवढ्या पैशांत आणखी एकदा गेला नसतास का?

आमच्या घरात याचा एक नियम आहे आणि तो बायकोने पहिल्या वर्षीच घातला. जानेवारीत आधी भारताची तिकिटं काढायची, मग निवृत्तीच्या खात्यात ठरलेली रक्कम टाकायची आणि त्यानंतर उरेल त्यातून गाडीचा डबा भरायचा. डबा म्हणजे बँकेतलं वेगळं खातं. डब्यात नसेल तर गाडी उभी. सिल बदलायचं काम दोन वर्षं पुढे ढकललं गेलं ते यामुळेच. तोवर मी गाडी पावसात बाहेर काढली नाही, म्हणजे या देशात जवळजवळ काढलीच नाही.

या नियमाची परीक्षा फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. अण्णांना, माझ्या वडिलांना, पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या चौदा महिन्यांत मी पाच वेळा सांगलीला गेलो, त्यातल्या दोनदा दीड-दीड महिना राहून, अर्ध्या पगारी रजेवर. गाडी रस्त्यावर नाही असं सरकारला कळवून टाकलं, बॅटरी काढली, वर चादर घातली आणि गॅरेजचं दार लावलं. डबा तिकिटांना लागला. त्यात कसली घालमेल झाली नाही. गाडी कशासाठी आहे आणि कशासाठी नाही हे आधीच ठरलेलं असलं की त्या वेळी विचार करावा लागत नाही.

अण्णांचा आणि या गाडीचा संबंध होता, तो सांगतो. २०१७ च्या उन्हाळ्यात आई आणि अण्णा तीन महिन्यांसाठी आले होते. तुमचेही आईवडील येऊन गेले असतील, म्हणजे पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पहिला आठवडा कौतुकात जातो. दुसऱ्या आठवड्यात लंडन होतं. तिसऱ्या आठवड्यापासून वडील खिडकीत बसून पोस्टमनची वाट बघतात, ज्या पोस्टमनकडे त्यांचं पत्र नसतं. आईला निदान स्वयंपाकघर असतं. अण्णा ७६ वर्षांचे होते. चाळीस वर्षं यंत्रांत काढलेला माणूस, आणि आमच्या घरात त्यांना दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. डिशवॉशर बिघडला तर आम्ही फोन करतो.

एका सकाळी मी गाडी चालू करायला गेलो तर ती ठसकत होती. अण्णा बाहेर आले, बॉनेटवर वाकून थोडा वेळ नुसते ऐकत राहिले आणि म्हणाले, “टॅपेट सैल आहेत. आणि दोन्ही कार्ब्युरेटर एकमेकांशी बोलत नाहीत. फीलर गेज आहे का तुझ्याकडे?”

फीलर गेज होतं. त्या दिवसापासून अण्णा रोज सकाळी नाश्ता करून गॅरेजमध्ये जायला लागले. माझा जुना शर्ट घालून. दोन्ही कार्ब्युरेटरमधून सारखी हवा जाते का, हे ते रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून फुसफुस ऐकत जुळवायचे. पुस्तकातही तीच पद्धत दिली आहे, पण त्यांनी पुस्तक उघडलं नव्हतं. वरच्या डॅशपॉटमध्ये ऑइल घालायचं असतं हे मात्र त्यांना मी सांगितलं, आणि त्यांनी मान डोलावून ते ऐकून घेतलं. बापाला आपण काही शिकवलं आणि त्याने ते निमूट ऐकलं, असे प्रसंग आयुष्यात किती येतात?

शेजारचे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ कुंपणापलीकडून बघत होते, ते तिसऱ्या दिवशी अलीकडे आले. अण्णांचं इंग्रजी कारखान्यापुरतं, त्यांचं बोलणं अस्सल इथल्या गावचं. तरी दोघांचं छान जमलं. “नाइन सिक्स्टींथ,” एक जण म्हणायचा आणि दुसरा पाना पुढे करायचा. आईने दोघांना चहा आणि दडपे पोहे नेऊन दिले. त्या उन्हाळ्यात अण्णांनी परतीच्या तिकिटाची तारीख एकदाही विचारली नाही. वहीत त्या तीन महिन्यांत खर्च आहे ५४ पौंडांचा: एक टॅपेट कव्हरचं गॅस्केट, प्लगचा संच, ऑइल. सही अण्णांची आहे, मोडीसारखी वळणदार.

अण्णा मार्च २०२३ मध्ये गेले. एप्रिलच्या शेवटी मी परत आलो आणि मे महिन्यात गॅरेजचं दार उघडलं. उभी ठेवलेली जुनी गाडी तशीच्या तशी राहत नाही, हे लक्षात ठेवा. चालवल्याने जेवढी झिजते त्याहून ती उभी राहून बिघडते. पुढच्या ब्रेकचे पिस्टन अडकले होते, मागचा एक व्हील सिलिंडर गळत होता, क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसली होती. मी काही दिवस तिच्याकडे बघितलंच नाही. बायको म्हणाली, “विकायची असेल तर आहे तशी विक. ठेवायची असेल तर चालती ठेव. अशी अर्धवट नको.”

वहीतले ब्रेकचे ६२० पौंड ते हेच. क्लचप्लेट मात्र पैसे न घालवता सुटली. मागची चाकं जॅकवर उचलून, गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून इंजिन चालू करायचं आणि हलकेच ब्रेक मारायचा, ही युक्ती मला शेजारच्या गृहस्थांनी सांगितली. ते म्हणाले, तुझ्या वडिलांशी हे मागेच बोलणं झालं होतं. काय भाषेत झालं असेल देव जाणे.

तर परवडतं का? मी हा हिशेब बऱ्याचदा मांडला आहे आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडकतो. खर्चाची बाजू पैशांत लिहिता येते. मिळकतीची बाजू लिहायला घेतली की भावनेच्या भरात आपण वाटेल तो आकडा लिहितो. “वडिलांबरोबरचा एक उन्हाळा, किंमत अमूल्य” असं लिहून हिशेब जुळवणं हा लबाडपणा आहे. तो उन्हाळा मला ५४ पौंडांत मिळाला. उरलेले १४,००० त्याच्या नावावर टाकता येणार नाहीत. आणि असा उन्हाळा मिळेल या आशेने कुणी गाडी घेत नाही. माझ्या मुलीला या गाडीत काडीचा रस नाही. ती ब्रिस्टलला असते, आली की गाडीला “तुझा लाडका भंगार” म्हणते आणि रेल्वेने परत जाते. तेव्हा वारसा वगैरे शब्दही मी वापरत नाही.

मग उरतं ते साधं आहे. मी दिवसभर संगणकासमोर असतो. माझं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे मलाच दिसत नाही. शनिवारी सकाळी दोन तास मी एका यंत्राशी असतो ज्यात बिघाड आहे की नाही हे स्पष्ट कळतं आणि तो काढला की गेल्याचंही कळतं. वर्षातून पंचवीस-तीस दिवस मी ते यंत्र डोंगराखालच्या रस्त्यावरून चालवतो, ओल्या गवताचा आणि तापलेल्या ऑइलचा वास एकदम येतो, आणि चाळीस मैलांचा वेग सत्तरचा वाटतो. एवढंच मिळतं. त्यासाठी वर्षाला १,४२० पौंड. काही लोक तेवढे गोल्फला देतात, काही जण जिमला देतात आणि जात नाहीत. मला हा सौदा मान्य आहे, पण तो सौदा आहे. कर्ज काढून, तिकीट रद्द करून किंवा बायकोपासून पावत्या लपवून केला तर मान्य होण्यासारखा राहणार नाही.

मी पुढच्या वर्षी साठीचा होईन. एमजीबीची सीट जमिनीपासून वीतभर उंच आहे आणि गुडघे आता तिच्यातून उठताना कुरकुरतात. अजून पाच वर्षं ठेवायची असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. क्लच दाबणं जड झालं किंवा आईसाठी तिकडे जास्त राहावं लागलं तर त्याआधीच. तेव्हा ती चालती असेल, म्हणजे घेणाऱ्याला लगेच चालवता येईल. वहीही तिच्याबरोबर देईन. त्याला मराठी येत नसलं तरी आकडे कळतील.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल तर तीन गोष्टी स्वतःला विचारा. वर्षाला हजार-दीड हजार पौंड, किंवा तुमच्याकडच्या चलनात तेवढेच, घरातल्या कुणाच्या लक्षातही न येता जाऊ शकतात का? गाडी कोरड्या, छपराच्या जागी ठेवता येईल का? आणि हात काळे करायला आवडतात का? तिसऱ्याचं उत्तर नाही असेल आणि उघड्या टपाचा वाराच हवा असेल, तर सरळ वापरलेली माझदा एमएक्स-५ घ्या. १९८९ मध्ये ती आली तेव्हा याच जुन्या इंग्रजी गाड्या डोळ्यांसमोर ठेवून जपान्यांनी ती बांधली, फक्त किल्ली फिरवली की चालू होते एवढा बदल करून. तिलाही सिलपाशी गंज लागतो, तेवढं बघा.

तिन्ही उत्तरं होकारार्थी असतील तर इंजिनाकडे फार बघू नका, इंजिन दुरुस्त होतं. पत्रा बघा. या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्राच तिचा कणा आहे आणि सगळा पैसा तिथे जातो. मधोमध जॅक लावून उचलल्यावर दार उघडायला अडलं तर पैसे खिशातच ठेवून परत या. आणि जाताना एक लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्या. दारांखालून हळूहळू फिरवा. जिथे तो धरणार नाही, तिथे रंगाखाली लांबी भरलेली आहे.